काकू, लॉक्स घरीच वळता येतील का?

प्रश्न : काकू, मी खानापूरची, बेळगावात कॉलेजला आहे. दिवाळीच्या सुट्टीत गोव्याला जाऊन ड्रेडलॉक्स, म्हणजे केसांच्या मुद्दाम वळलेल्या जटा, करून घेतले. माझे केस मुळात सरळ नि मऊ. आता मुळाशी सगळे सुटून पिंजारलेत, आणि दर खेपेला गोव्याला जायला पैसे कुठले? व्हिडिओ बघून कोरफडीचा गर लावला, मुळं पिळली, क्लिपा लावल्या. दुसऱ्या दिवशी जैसे थे! पाऊस लागल्यापासून डोक्याला कुबट वास येतोय. त्यात आजीनं धोशा लावलाय, 'यल्लव्वाची जट आली गं पोरीला, आता कात्री लावायची नाही.' काय करू?

उत्तर : आधी वासाचं बघू, कारण मुळं सुटली तर नुसतं दिसायला वाईट, वास म्हणजे आत ओल धरलीय. लॉक गोधडीसारखा असतो, वरून सुकला तरी पोटात ओला. खानापूरच्या पावसात तर विचारू नको. तेव्हा रात्री डोक्यावरनं अंघोळ बंद. सुट्टीच्या दिवशी सकाळीच धू. जुन्या सुती पंचात एकेक लॉक धरून पिळून काढ, मग पंख्याखाली बस. ड्रायर असेल तर थंड हवेवर फिरव. मधोमध चिमटीत दाबून बघ, गार लागलं तर अजून ओलं आहे. तोवर अंबाडा नाही, हेल्मेट नाही. आठ-दहा दिवसांनी एकदा धुतलंस तरी चालेल, पण वाळवण्यात आळस नको. एवढं करूनही वास राहिला किंवा खाज सुटली, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखव, बुरशी असू शकते.

आता मुळांचं. तू बघितलेले व्हिडिओ बहुतेक आफ्रिकी वळणाच्या, घट्ट कुरळ्या केसांचे असणार. तो केस पिळला की स्वतःच स्वतःला धरून ठेवतो. आपला सरळ केस क्लिप काढली की सरळ होतो, त्यात तुझ्या हाताचा दोष नाही. आपल्याला क्रोशाची सुई लागते, अर्धा ते पाऊण मिलिमीटरची, अगदी बारीक. लोकरीचं सामान मिळतं तिथं विचार. जाड सुई केस तोडते.

केस पूर्ण कोरडे असताना बस. शेजारशेजारचे लॉक मुळाशी एकमेकांत गुंतले असतील तर ते आधी हातानं हळूच फाडून वेगळे कर. मग एक लॉक धर, त्याच्या चौकटीतले, म्हणजे टाळूवर त्याच्या वाट्याला आलेल्या जागेतले, सुटे केस बोटांनी त्याच्याभोवती गुंडाळ. सुई लॉकच्या एका अंगानं आत घाल, पलीकडचे चार केस आकड्यात पकड आणि आत ओढ. आरपार बाहेर काढायचे नाहीत, पोटातच सोडायचे. पुन्हा दुसऱ्या अंगानं. सुई एकाच जागी खुपसत राहिलीस तर तिथं लॉक चपटा होतो. शेवटी दोन्ही तळव्यांत धरून वात वळतो तसा वळ. टाळूला चिकटून घट्ट करू नकोस, बोटाच्या पेराएवढी मोकळीक ठेव.

हे सगळं दीड-दोन महिन्यांनी एकदा, त्याआधी नाही. माझ्या पार्लरात येणाऱ्या पोरींना नेमकं हेच पटत नाही. आरशासमोर उभं राहिलं की बोटं शिवशिवतात! सारखं ओढून कपाळाकडचे आणि कानशिलावरचे केस विरळ होतात, आणि फार ओढ बसली तर ते परत येत नाहीत. मुळाशी बारीक पुळ्या आल्या, डोकं ठणकलं, की त्याच दिवशी सैल कर.

मेणाचं नाव काढू नकोस. बाजारात 'लॉक वॅक्स' म्हणून मिळतं, ते धुऊन निघत नाही आणि तुमच्याकडची तांबडी माती त्यावर बसली की संपलंच. तेलही टाळूपुरतं, दोन बोटं. रात्री उशीवर रेशमी कापड घाल, आईची जुनी इरकल फाडायला परवानगी मिळाली तर उत्तम.

आजींशी भांडू नकोस. त्यांच्या पिढीनं जट आलेल्या पोरी यल्लव्वा देवीला सोडून देवदासी केलेल्या बघितल्यात, त्यांची भीती तिथली आहे. त्यांना शेजारी बसवून केस धुऊन दाखव. विंचरणं थांबलं, तेल-धूळ बसली, वर भंडारा लावून पाणी तोडलं की कुणाच्याही डोक्यात जट होते, त्यात देवीचा हात नाही. आणि मुलगी देवाला सोडणं हा कर्नाटकात १९८२ च्या कायद्यापासून गुन्हा आहे, हेही कानावर घाल. तुला कंटाळा आला तर लॉक कापता येतात. मीच कापून देईन.

प्रश्न : मुलाच्या लॉक्सना शिकेकाई चालेल का? (निपाणी)

उत्तर : उकळून, फडक्यातून दोनदा गाळून चालेल. पूड थेट लावू नका. ती आत अडकते आणि मग कोंडा झालाय असं वाटून तुम्ही आणखी पूड लावत बसाल. बेसनाचंही तेच.