'आय ॲम डुइंग जॉब' मध्ये नेमकं काय खटकते

प्रश्न असा आहे की मॉक इंटरव्ह्यूत एका ताईंनी 'आय ॲम डुइंग जॉब इन मिहान' म्हटलं (मिहान म्हणजे नागपूरच्या विमानतळाजवळचा कंपन्यांचा भाग), सरांनी तिथेच थांबवलं, पण चूक काय ते सांगितलंच नाही. सोबत त्यांनी हेही विचारलं आहे की जॉब, वर्क, करिअर यात फरक काय, आणि आधीच्या कंपनीत ले-ऑफ झाला ते कसं सांगायचं.

ताई, पहिले तर तुमचं इंग्रजी कच्चं आहे हे मनातून काढून टाका. हे वाक्य पक्क्या नागपुरी मराठीतून आलं आहे. आपल्याकडे सगळं 'करणे'वर चालते ना, नोकरी करतो, धंदा करतो, वकिली करतो, शेती करतो, आणि त्यावर आपलं 'करून राहिलो'. तुमच्या डोक्यात आलं 'मी मिहानमध्ये जॉब करून राहिली', त्यातल्या 'करून राहिली'चं डुइंग झालं आणि जॉब जसाच्या तसा राहिला. इंग्रजीत ज्या कामाचं क्रियापद त्या कामापाशी असते. नोकरी आपल्याजवळ असते म्हणून आय हॅव अ जॉब, नाहीतर सरळ आय वर्क इन मिहान. धंदा चालवतात, रन अ बिझनेस. वकिलीला प्रॅक्टिस लॉ. शेतीला तर फार्म एवढं एकच क्रियापद पुरते.

पण 'करून राहिलो' सोडू नका, मला ते फार कामाचं वाटते. कोणी विचारलं 'काय करता' तर आपण सांगतो बँकेत आहे, आणि 'काय करून राहिले' विचारलं तर सांगतो चहा पिऊन राहिलो. बरोब्बर हाच फरक व्हॉट डू यू डू आणि व्हॉट आर यू डुइंग मध्ये आहे. म्हणून इंटरव्ह्यूत बोलायच्या आधी वाक्य मनात नागपुरीत म्हणून पाहा. कायमचं असेल तर आय वर्क, आणि 'सध्या तीन महिन्यांसाठी एका प्रोजेक्टवर काम करून राहिली' असं असेल तर बिनधास्त आय ॲम वर्किंग म्हणा, ते चूक नाही.

आता जॉब. हा शब्द समजून घ्यायचा तर हिंगण्याच्या एमआयडीसीत एखाद्या लेथवर जाऊन उभं राहा. टर्नर चकमध्ये लोखंडाचा तुकडा आवळतो आणि म्हणतो जॉब लावला, झालं की म्हणतो जॉब उतरव. तो तुकडा म्हणजे जॉब. प्रिंटिंग प्रेसवाले पण पत्रिका, बिलबुकं अशा सुट्या छपाईला जॉब वर्कच म्हणतात. इंग्रजीतही जॉबचा जुना अर्थ हाच, कामाचा एक सुटा तुकडा, आणि 1755 मध्ये सॅम्युअल जॉन्सनने डिक्शनरी काढली तेव्हा त्याने जॉबला हलका शब्द म्हणून किरकोळ, मिळेल तसं काम असा अर्थ दिला होता. पक्की नोकरी हा अर्थ त्याला मागून चिकटला. तुकडा आहे म्हणून तो मोजता येतो, अ जॉब, टू जॉब्स, त्यामुळे तुमच्या वाक्यात जॉबच्या आधी तो अ पण राहून गेला होता. वर्क मोजता येत नाही, 'आय हॅव अ वर्क' म्हणू नका, नुसतं आय हॅव वर्क. आणि हुद्दा सांगताना ॲज, कंपनी सांगताना फॉर किंवा ॲट, गाव सांगताना इन, एवढं पुरे.

करिअरचं मूळ लॅटिनमधल्या गाडीच्या शब्दात आहे, तिथून फ्रेंचमध्ये त्याचा रस्ता, शर्यतीची वाट असा अर्थ झाला. म्हणून पाच नोकऱ्या बदलल्या तरी करिअर एकच असू शकते. याला मराठीत कारकीर्द म्हणा असा काही लोकांचा आग्रह असतो, मला ते पटत नाही. कारकीर्द म्हणजे पदावर बसलेल्या माणसाचा काळ, मुख्यमंत्र्याची कारकीर्द, कुलगुरूंची कारकीर्द. बावीस वर्षांच्या पोरीने 'मला कारकीर्द करायची आहे' म्हटलं तर कानाला लागते. करिअर आता मराठीच आहे, खुशाल वापरा.

ले-ऑफवर जरा थांबतो, काहून की इथे लोक फसतात. आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ, मिलमध्ये होते. लहानपणी ते दुपारीच डबा न उघडता घरी आले की आई विचारायची, आज ले-ऑफ का? म्हणजे कापूस आला नाही, नाहीतर मशीन बंद पडली, आज काम नाही, पण नाव हजेरीपटावर आहे आणि पगाराचा अर्धा भाग मिळणार. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातही ले-ऑफ हा असाच तात्पुरता होता, कायमचं कमी करण्याला तिथे वेगळा शब्द होता, रिट्रेंचमेंट. आयटीवाल्यांचा ले-ऑफ अमेरिकेतून आला, त्यात माणूस कायमचाच जातो. मोठेबाबांना पुतण्याचा ले-ऑफ झाल्याचं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग परत कधी बोलावलं?

पण दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे, ले-ऑफमध्ये दोष कामगारावर नसतो. फायर्ड म्हटलं की चूक तुमची असा अर्थ निघतो, म्हणून तो शब्द वापरूच नका. 'आय वॉज लेड ऑफ इन मार्च, द होल टीम वॉज लेट गो' असं म्हणा, महिना तुमचा जो असेल तो टाका, आणि लगेच पुढचं वाक्य घ्या, नाऊ आय वर्क इन मिहान.