नाशिकमध्ये कॉलनीत दोन दिवसांचा पुस्तक महोत्सव करायचाय. स्थानिक लेखकांना टेबल द्यावं का आणि लेखन कार्यशाळेला कोणाला बोलवावं?

टेबल द्या. फुकट द्या, आणि मंडपाच्या शेवटी जनरेटरला चिकटून देऊ नका. मी अशा टेबलामागे तीन दिवस बसलेली आहे म्हणून सांगते.

२०१९ ची गोष्ट. मी मूळची निफाड तालुक्यातली, लग्नानंतर सिडकोत आले, आणि द्राक्षाच्या पॅकहाऊसमध्ये हिशेबाचं काम करते. आदल्या वर्षी माझा कथासंग्रह मी स्वतः छापला होता, ३०० प्रती, पैसे माझ्या पगारातले. सगळ्या कथा बागेतल्या बायकांच्या. शहरात एक महोत्सव होता, कुणाचा ते सांगत नाही. त्यांनी "स्थानिक लेखक कट्टा" ठेवला होता, टेबलाचं भाडं १५०० रुपये, ते भरलं आणि ६० पुस्तकं दोन पिशव्यांत घालून स्कूटीवर नेली. कट्टा कुठे, तर प्रकाशकांचे स्टॉल संपले की चहाचा, त्याच्या मागे जनरेटर आणि त्याच्या शेजारी आम्ही सातजण. कुणी पुस्तक हातात घेऊन काही विचारलं तरी ऐकू यायचं नाही. तीन दिवसांत ११ प्रती गेल्या. त्याचं मला इतकं काही वाटलं नाही, वाईट याचं वाटलं की उद्‌घाटनाला आमच्या सातजणांची नावं वाचली त्यात माझ्या पुस्तकाला "कवितासंग्रह" म्हणाले. म्हणजे बोलावणाऱ्यांपैकी एकानेही ते उघडून पाहिलं नव्हतं.

महोत्सव २७ फेब्रुवारीला संपेल असा धरला होता. तात्यासाहेबांचा, म्हणजे कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन, नाशिकमध्ये त्या आठवड्यात कार्यक्रम करायचा मोह सगळ्यांनाच होतो, आणि व्हावाच, कुसुमाग्रज आपले आहेत. पण त्या दिवसांत निफाड, दिंडोरी, पिंपळगाव सगळीकडे द्राक्षाची काढणी जोरात असते, गाड्या भरायच्या असतात, घरातलं एक माणूस मोकळं नसतं. मी ज्यांच्यावर लिहिलं त्यातलं एकही माणूस येऊ शकलं नाही. आई म्हणाली, तू आमच्यावर लिहितेस आणि वाचायला आम्ही कामावर असू तेव्हा बोलावतेस. बरोबर होतं तिचं. २०२१ च्या डिसेंबरला आडगावला ९४ वं साहित्य संमेलन झालं तेव्हाही तेच, तोंडावर अवकाळी पाऊस झाला आणि माहेरी सगळे डाऊनीच्या, म्हणजे द्राक्षावरच्या बुरशीच्या रोगाच्या फवारणीमागे, मी एकटी शेवटच्या दिवशी जाऊन आले.

आता कार्यशाळेचं. त्याच महोत्सवात दुसऱ्या दिवशी सकाळी होती, फी २०० रुपये, साठेक लोक. जे सर आले होते ते मोठे विद्वान, त्यांच्या अभ्यासाबद्दल मला आजही आदर आहे. पण तीन तासांतले दोन तास ते बोलले. मग म्हणाले पंधरा मिनिटांत एक परिच्छेद लिहा. मी डिपिंगवर लिहिलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, द्राक्षाचा प्रत्येक घड जीएच्या (मणी वाढवणारं संजीवक) पाण्यात बुचकळून काढतात, त्याला डिपिंग म्हणतात. बायका साडीवर नवऱ्याचा जुना फुल शर्ट घालतात, एका हातात त्या पाण्याचा मग, तो घडाखाली धरून वर उचलायचा, घड पूर्ण भिजला की तो खाली घ्यायचा आणि घड हलकेच झटकायचा, थेंब राहिला नाही पाहिजे. पुढचा घड. पाणी मनगटावरून कोपरापर्यंत येतं, संध्याकाळी बाही कोपराशी कडक झालेली असते. पेठ-सुरगाण्याकडून टोळ्या येतात कामाला, त्यातल्या एकीने मला लहानपणी मग कसा धरायचा ते शिकवलं होतं, ते मी लिहिलं होतं.

सरांनी माझा कागद सगळ्यांसमोर वाचला आणि लाल पेनाने "डिपिंग"ला गोल केला. म्हणाले, "ताई, आपल्या भाषेत शब्द असताना इंग्रजीची उसनवारी कशाला? इथे 'बुडवणे' लिहा." पुढे "आलती" होतं ते "आली होती" केलं, "टोळी"च्या जागी "मजुरांचा समूह" केला. मी उभी राहून म्हटलं, सर, बुडवणे नाही चालणार. ते म्हणाले, प्रमाणभाषा आली की मग बोलीचा विचार करू. साठ जणांसमोर. मी खाली बसले.

तेव्हा जे बोलता आलं नाही ते आता लिहिते. आमच्याकडे बुडवतो तो व्यापारी. माल उचलतो, चेक देतो, चेक परत येतो आणि माणूस फोन उचलत नाही, त्याला बुडवणं म्हणतात, आणि नाशिक जिल्ह्यात हा शब्द ज्या घराने भोगलाय त्याला तो दुसऱ्या कशासाठी वापरायला सांगू नका. माझ्या वडिलांचे बुडालेत. "आई घड बुडवायला गेली" असं लिहिलं तर आमच्या गावातला माणूस दचकेल. आणि डिपिंग हा शब्द माझी आई वापरते, जिला एबीसीडी येत नाही. तिच्यासाठी तो मराठीच आहे. त्याची मजुरी किती, किती बायका, कितवं डिपिंग, हे सगळं त्या शब्दात येतं. विहितगावचे कथाकार बाबुराव बागूल याच नाशिकचे, त्यांनी वस्तीतल्या माणसांच्या तोंडची भाषा पुसून काढली असती तर काय उरलं असतं? शुद्धलेखन मला येतं, हे उत्तर वाचून कळेलच. प्रश्न शुद्धलेखनाचा नव्हताच.

म्हणून कार्यशाळेला कोणाला बोलवावं, तर जो कमी बोलेल आणि बसवून लिहून घेईल त्याला. नाव मोठं नसलं तरी चालेल. वीस-पंचवीस लोक, त्याहून जास्त नको, अर्धा तास बोलणं, बाकी वेळ लिहिणं आणि एकमेकांचं वाचणं. आणि आधीच ठरवून घ्या की कुणाचा कागद त्याला न विचारता मोठ्याने वाचायचा नाही. फी ठेवा, शंभर रुपये पुरे, पैसे भरलेला माणूस वेळेवर येतो.

टेबलांचं म्हणाल तर आठ-दहा लेखक पुरेत, पण प्रत्येकाचं पुस्तक समितीतल्या निदान एकाने आधी वाचलेलं असावं आणि त्यानेच त्या लेखकाची ओळख करून द्यावी, दोन मिनिटं. विक्री एकाच काऊंटरवर घ्या, एकच क्यूआर, संध्याकाळी हिशेब, म्हणजे लेखक टेबलाला बांधला जात नाही. आसपासच्या वाचनालयांना पत्र द्या, अनुदानावर चालणाऱ्या वाचनालयांना पुस्तकं घ्यावी लागतातच, फक्त त्यांना रीतसर बिल लागतं आणि ते आपल्यासारख्यांकडे नसतं, तेव्हा महोत्सवाच्या नावाने बिलबुक छापा. ज्यांनी स्वतः छापलंय त्यांना सांगा की आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, फुकट मिळतो, राजा राममोहन रॉय एजन्सीकडे ऑनलाइन अर्ज करायचा. मी कुणाला तरी त्याचे २००० दिले होते. १८४० पासून सार्वजनिक वाचनालय असलेलं हे गाव आहे, "ग्रंथ तुमच्या दारी" या उपक्रमाच्या शंभर पुस्तकांच्या पेट्या इथूनच निघाल्या, वाचणारे नाहीत असं मला कुणी सांगू नये.

तारीख जुलै-ऑगस्टची बघा, ऑक्टोबर छाटणीच्या आधी गावाकडे जरा उसंत असते. हां, तेव्हा पाऊस असतो, म्हणजे मैदान नाही, हॉल घ्यावा लागेल आणि खर्च वाढेल. आणि तुमची कॉलनी गंगापूर रोडकडची असेल, येणारे सगळे नोकरदार असतील, तर तारखेचं माझं म्हणणं सोडून द्या, शनिवार-रविवार कुठलाही चालेल. त्या सरांच्या कार्यशाळेतून काहीजण खूश होऊन गेले होते हेही खरं, शेजारच्या काकूंना कवितेच्या वृत्तांची माहिती आवडली.

तो कागद माझ्याकडे आहे, लाल गोलासकट. परिच्छेद पुढे एका कथेत गेला, डिपिंग तसंच ठेवलं. तारीख ठरली की इथेच लिहा, पंधरा प्रती घेऊन येते. टेबलाचा कपडा माझा मी आणेन.