मेणबत्तीचा भाव किती लावू?

प्रश्न : ताई, दिवाळीत हौसेने वाटलेल्या माझ्या सोया (सोयाबीन तेलापासूनच्या मेणाच्या) मेणबत्त्या लोक आता विकत मागतात. १५० रुपये लावू का? – एक वाचक, सातारा

उत्तर : १५० ठरवण्याआधी खर्चाची वही घाला. मेण, वात, सुगंधी तेल, ग्लास, खोका आणि तुमचे दोन तास! हे तास मी दोन वर्षं धरलेच नव्हते. १०० ग्रॅम मेणाला ६ ते ८ ग्रॅम सुगंध पुरे. जास्त झाला की तेल वर सुटतं. ओतल्यावर आठवडा-दोन आठवडे मुरू द्या, लोणच्यासारखं. प्रत्येक नव्या ग्लासातली मेणबत्ती आधी स्वतः जाळून बघा. बारीक वात मधोमध खड्डा पाडते, जाड वात काजळी धरते. माझा एक ग्लास टीपॉयवरच तडकला होता, म्हणून सांगते. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी संकेतस्थळावर फुकट होते. एजंटला पैसे देऊ नका.