बसून राहिलास तरी चालेल

प्रिय बाबू,

प्रभूच्या नावात सलाम.

चिखलदऱ्याच्या तरुण संमेलनाला तुझं नाव दिल्याचं पाळकसाहेबांकडून कळलं. ऐन वेचणीत घरातले दोन हात कमी होणार, तरी तुझ्या बाबांनी परवानगी दिली. तेव्हा निघायच्या दिवशी दुपारपर्यंत कापूस वेच आणि मगच पिशवी भर. फी मात्र स्वतःच्या मजुरीतून दे.

दारव्ह्याहून अमरावती, तिथून परतवाडा, पुढे घाट. परतवाड्याला तर्री-पोहे खायचा मोह होईल, तो परतीच्या वाटेवर पुरा कर. चिखलदरा ११०० मीटरच्या आसपास उंचीवर आहे. आपल्याकडे दुपारी घाम येतो म्हणून स्वेटर घरी ठेवणारे पोरं तिथे रात्रभर कुडकुडतात. गादी मिळेल, पांघरुणाचा भरवसा नाही. सोबतच्या पोरींना २०२३ पासून एसटीचं अर्धंच तिकीट पडतं. त्यांच्या उरलेल्या पैशावर तुम्ही चहा पिऊ नका.

आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, रविवारी तीसेक माणसं, त्यात तुझ्या वयाचे दोघं-तिघं. तिथे एकदम शेकडो दिसतील. गिटार, ड्रम, पडद्यावर गाण्याचे शब्द. मनापासून गा. फक्त परत आल्यावर आपल्या पेटी-ढोलकीला नाक मुरडू नकोस, एवढं माझ्यासाठी कर.

पत्र लिहायला बसलो ते शनिवारच्या रात्रीसाठी. दिवे मंद होतील, कीबोर्ड हळू वाजत राहील आणि वक्ते म्हणतील, “पूर्णवेळ सेवेसाठी ज्यांना आयुष्य द्यायचंय त्यांनी उभं राहावं.” शेजारचा उठेल, मग पुढची अख्खी रांग. अशा वेळी आपले पाय आपलं ऐकत नाहीत. ते सगळं खोटं असतं असं मी म्हणणार नाही. अशा सभेत उठलेली आणि म्हातारपणापर्यंत खेड्यापाड्यांत सेवा केलेली माणसं मी पाहिली आहेत. सोमवारी विसरून गेलेलीही पाहिली. त्यांचं फारसं बिघडत नाही. मला काळजी वाटते ती तिसऱ्यांची. त्यांनी शब्द दिला, तो पाळणं जमलं नाही आणि त्या लाजेपायी त्यांनी मंडळीतच यायचं सोडलं.

बायबलात लूकच्या चौदाव्या अध्यायात प्रभू विचारतो, बुरूज बांधायचा असेल तर आधी बसून खर्चाचा हिशोब कोण करत नाही? आधी बसून, बरं का. तुझा हिशोब तुला ठाऊक आहे. आयटीआय अर्धवट, बहिणीचं लग्न व्हायचंय, शेत कोरडवाहू. सेवेला जायचं तर काही वर्षांचं शिक्षण आलं. पाळक घडवणारी युनियन बिब्लिकल सेमिनरी १९५३ पासून आपल्या यवतमाळातच होती, पण १९८३ साली ती पुण्याला गेली. म्हणजे आता राहण्याखाण्याचा खर्चही आला. एवढं सगळं मांडूनही मन तिकडेच ओढत असेल तर घरी ये, आईबाबांशी बोल, पाळकसाहेबांशी बोल. देवाचं बोलावणं असेल तर ते शनिवारच्या रात्रीपुरतं नसतं.

कवी ना. वा. टिळकांचं बघ. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांना बायबलचा नवा करार दिला. बाप्तिस्मा त्यांनी घेतला १८९५ साली, मुंबईत. मधल्या काळात त्यांचं वाचन आणि पत्रव्यवहार चालला होता. डब्यात कुणी त्यांना हात वर करायला सांगितलं नव्हतं.

चहाच्या रांगेत आणखी एक प्रश्न येईल: “तुमच्याकडे बाप्तिस्मा शिंपडून की बुडवून?” अलायन्सवाले, मेथडिस्ट, सीएनआय, पेंटेकॉस्टल, सगळे तिथे असतील आणि कुणीतरी तुला कच्चा ख्रिस्ती ठरवेल. वाद घालू नकोस. सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी, म्हणजे हीच सीएनआय, २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच स्थापन झाली. तिने लहानपणीचा बाप्तिस्मा आणि मोठेपणी विश्वास कबूल करून घेतलेला बाप्तिस्मा, दोन्हींना जागा ठेवली. जाणत्यांनी विचार करून काढलेली ती वाट आहे. रांगेतला पोरगा ती दोन मिनिटांत मोडीत काढत असेल तर त्याला चहा घेऊ दे.

रडत प्रार्थना करणाऱ्यांचे फोटो काढून स्टेटसला ठेवू नकोस. ज्याचा फोटो असेल त्याच्या गावी तो कोण-कोण पाहील हे तुला माहीत नसतं.

रविवारचा समारोप लांबतो. परतवाड्याची शेवटची गाडी किती वाजता आहे ते पोहोचल्या-पोहोचल्या बस स्टँडवर विचारून ठेव. पुढच्या रविवारी पाळकसाहेब तुला साक्ष द्यायला उभं करतीलच. तिथे काही घडलं असेल तर पाच मिनिटांत सांग. नसेल घडलं तर घाट, थंडी, जेवणातली भाजी आणि नव्या ओळखी सांग. आपल्या म्हाताऱ्यांना त्यातही रस आहे.

तुझा,
गुरुजी