५५ इंची टीव्ही: ३७ हजारांचा घ्यावा की ७९ हजारांचा?

अंबाजोगाईहून एका शिक्षक वाचकांनी विचारलं आहे. घरातल्या ३२ इंची टीव्हीच्या पडद्यावर उभी रेघ आली आहे, नवा ५५ इंची घ्यायचा आहे. लातूरच्या दुकानात तीन टीव्ही पाहिले. साधा ४-के एलईडी ३६,९९० ला, क्यूएलईडी ४८,९९० ला आणि मिनी एलईडी, १२० हर्ट्झवाला ७८,९९० ला. तिसरा रोखीने घेतला तर ७४,९९०, नाहीतर '१८ हप्ते, शून्य टक्के', त्यातले ६ हप्ते आधी भरायचे आणि ९९९ रुपये अधिक जीएसटी अशी फाइलची फी. मुलाचा आग्रह तिसऱ्याचा आहे. सोयाबीनचे पैसे हातात आहेत. तर वरचे पैसे मोजावेत का?

सर, तुम्ही घरचा हिशोब मोकळेपणाने लिहिला, त्यामुळे उत्तर देणं सोपं झालं. आधी तोच मांडतो.

पगार ६१,००० आणि पत्नीच्या शिवणकामाचे साधारण ६,०००. त्यातून घराच्या कर्जाचा हप्ता १७,८००, पतसंस्थेचा ५,५००, विमा आणि एसआयपी मिळून ७,७०० आणि घरखर्च २७,०००. महिन्याला ९,००० उरतात. बँकेत ६८,००० आहेत. २२ क्विंटल सोयाबीन ४,४०० ने गेलं (हमीभाव ५,३२८ होता, पण तो विषय वेगळा), त्याचे ९६,८००. हरभऱ्याची फवारणी, पाणी आणि काढणी यांना १८,००० लागतील. जूनमध्ये मुलगा क्लाससाठी लातूरला जाणार, फीचा पहिला हप्ता आणि खोलीचं डिपॉझिट मिळून १,२५,०००. त्यानंतर मेस आणि खोलीचे दरमहा ९,०००.

शेवटच्या दोन आकड्यांमुळे सगळा हिशोब बदलतो. आत्ताचे १,६४,८०० मधून शेताचे आणि फीचे बाजूला ठेवले तर २१,८०० उरतात. डिसेंबर ते मे अशा सहा महिन्यांची शिल्लक ५४,०००. म्हणजे जूनच्या तोंडावर तुमच्याकडे मोकळे असतील ७५,८००, आणि जूनपासून महिन्याची शिल्लक शून्य.

साधा टीव्ही घेतला, वर २,५०० चं वीज-संरक्षण केलं (त्याबद्दल पुढे), तरी जूनमध्ये ३६,३१० हातात राहतात. तिसरा रोखीने घेतला तर तेच वीज-संरक्षण धरून हिशोब १,६९० ने उणे जातो. फी भरायला कुणाकडून तरी हातउसने घ्यावे लागतील.

हप्त्यांवर जरा थांबू. '१८ बाय ६' म्हणजे दुकानातच ६ हप्त्यांचे २६,३३० भरायचे आणि पुढे १२ महिने ४,३८८. व्याज शून्य म्हणतात, पण रोखीने येणाऱ्याला तोच टीव्ही ४,००० ने स्वस्त मिळतो. ती सूट तुम्हाला मिळत नाही, हेच व्याज. फाइलची फी जीएसटीसह १,१७९. म्हणजे खरं कर्ज किती? ७४,९९० मधून आधी भरलेले २६,३३० आणि फी वजा केली की जेमतेम ४७,४८०. त्यासाठी १२ महिन्यांत फेडायचे ५२,६६०. दर काढला तर वर्षाला साडेएकोणीस टक्क्यांच्या आसपास बसतो. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना 'शून्य टक्के व्याज' असं काही नसतं म्हणून खडसावलं होतं. तेव्हापासून व्याज सुटीच्या आड बसलं आहे. कुठल्याही दुकानात आधी रोखीचा शेवटचा भाव विचारा आणि हप्त्याचं नाव त्यानंतर काढा. उलट क्रमाने विचारलं तर सूट पहिल्यापासून नव्हतीच असं सांगतात.

आता वेळ बघा. नोव्हेंबरअखेर घेतला तर १२ पैकी ६ हप्ते मेपर्यंत जातील आणि जूनमध्ये १९,४०० च्या आसपास उरतील. राहिलेले ६ हप्ते, म्हणजे २६,३३०, जून ते नोव्हेंबर या काळात येतील, जेव्हा तुमची शिल्लक शून्य आहे. त्याच काळात पेरणीही आहे.

एवढ्यावर तिसरा टीव्ही बाद होतो. पण 'परवडत नाही' म्हणून गप्प बसावं आणि मनात हळहळ राहावी, असं नको. म्हणून त्या जास्तीच्या ३८,००० मध्ये (७४,९९० वजा ३६,९९०) नक्की काय मिळतं तेही पाहू. ३८,००० म्हणजे तुमचं साडेआठ क्विंटलहून जास्त सोयाबीन.

तुमच्या घरी चालतात मराठी मालिका, बातम्या आणि क्रिकेट, तेही डिशच्या साध्या पॅकवर. साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं असतं, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत. ४-के पडद्यावर ठिपके ८३ लाख. बरोबर २० पट. म्हणजे आलेल्या एका ठिपक्यावरून टीव्हीला २० ठिपके अंदाजाने भरावे लागतात. महागड्या टीव्हीचा प्रोसेसर हा अंदाज थोडा बरा करतो, पण मुळात नसलेला तपशील कुठून आणणार? ३२ इंचावर जे ठीक दिसत होतं, ते ५५ वर धुरकट दिसेल आणि पहिल्या रात्री घरात सगळे म्हणतील, 'जुनाच बरा होता.' यावर इलाज टीव्ही बदलणं नव्हे. तुमच्या आई बघतात ती चार-पाच चॅनेलं एचडीत घ्या. बॉक्स एचडी आहे ना, तेही बघून घ्या. तो टीव्हीला एचडीएमआय वायरने जोडा. जुन्या लाल-पिवळ्या-पांढऱ्या वायरीवर एचडी येतच नाही आणि निम्म्या घरांत गडबड इथेच असते.

बसायचं अंतर तुम्ही साडेनऊ फूट लिहिलं आहे. ५५ इंचावर साधारण ७ फुटांच्या पुढे बसलं की चांगल्या नजरेलाही फुल एचडी आणि ४-के यांतला फरक ओळखता येत नाही. आकार तुम्ही योग्य निवडला आहे, मात्र ४-के चा फायदा दिवाणापर्यंत पोचणार नाही. ४-के बघायचं तर चित्रही तसं यायला हवं. नेटफ्लिक्सवर ते ६४९ च्या प्लॅनमध्येच मिळतं, म्हणजे वर्षाला ७,७८८, आणि लाइन सलग १५ एमबीपीएसची लागते. हा खर्च तुमच्या यादीत कुठेच नव्हता.

मिनी एलईडीत खरी किंमत आहे ती मागच्या दिव्यांची. पडद्यामागे बारीक दिव्यांचे गट असतात आणि चित्रातला काळा भाग आला की तिथले दिवे मंद होतात. अंधारातल्या प्रसंगात काळं खरंच काळं दिसतं, उजेड झगझगीत दिसतो. एचडीआरचा, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणाऱ्या चित्राचा, अर्थ तिथे कळतो. साध्या टीव्हीच्या खोक्यावरही एचडीआर लिहिलेलं असतं, पण त्याचा उजेड ३०० निटच्या (निट हे उजेडाचं माप) आसपास आणि दिवे सगळे एकदम लागतात. तो सिग्नल घेतो, दाखवू शकत नाही. फरक खरा आहे, नाकारत नाही. फक्त तो दिसतो चांगल्या प्रतीच्या सिनेमात, रात्री, दिवे मालवून.

दुकानदार म्हणाला असेल, 'सात वर्षं, रोजचे तीन तास, तासाला पाच रुपयेसुद्धा पडत नाहीत.' गणित बरोबर आहे, तास चुकीचे आहेत. जास्तीचे पैसे ज्या तासांत कामाला येतात तेवढेच मोजायचे. आठवड्याला एक सिनेमा, अडीच तास, सात वर्षं, म्हणजे ९१० तास. ३८,००० भागिले ९१०, तासाला ४२ रुपये, नेटफ्लिक्स वेगळं. बातम्यांच्या पट्टीसाठी मिनी एलईडी लावणं म्हणजे बैलगाडीला ट्रॅक्टरचे टायर.

१२० हर्ट्झचं सांगतो. हर्ट्झ म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा. आपल्याकडचं प्रक्षेपण ५० च्या हिशोबाचं आहे, सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. १२० चा पूर्ण उपयोग नव्या प्लेस्टेशनसारख्या यंत्रावर, आणि ते घरात नाही. क्रिकेटमध्ये चेंडूमागची धूसर शेपटी १२० वर कमी दिसते, हे मान्य. पण टीव्हीसाठी हट्ट धरणारा मुलगा जूनमध्ये लातूरच्या खोलीवर असेल, तेव्हा १२० हर्ट्झवर आजी मालिका बघतील. आणखी एक: खोक्यावर 'मोशन रेट २४०' असं काही दिसलं तर ते पॅनेलचे हर्ट्झ नव्हेत. माहितीपत्रकात 'रिफ्रेश रेट' असं लिहिलेला आकडाच खरा.

मधला, ४८,९९० चा क्यूएलईडी, तिघांत सगळ्यांत कमी मोलाचा. त्या किमतीत दिवे साध्या टीव्हीसारखेच, पुढे फक्त रंग उजळ करणारा क्वांटम डॉटचा थर. १२,००० रुपये रंगाच्या थराला. पुण्याच्या भावाने सुचवलेला ओएलईडी (यात मागे दिवे नसतात, प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो) चित्राला सगळ्यांत सुंदर, पण ज्या घरात बातम्यांचा लोगो आणि खालची पट्टी रोज तासन्‌तास एकाच जागी असते, तिथे त्या खुणा पडद्यावर कायमच्या उमटण्याचा धोका असतो. तुमच्याकडे नकोच.

मग ३६,९९० चा घ्या, पण डोळे झाकून नको. पेनड्राइव्हवर एक अंधाराचा प्रसंग आणि एक पूर्ण करडा फोटो घेऊन जा. दुकानातला टीव्ही 'व्हिव्हिड'वर झगझगत असतो. तो 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा'वर आणायला लावा. जाहिरातीचा व्हिडिओ बंद करून डिशचं साधं चॅनेल लावायला सांगा. करड्या फोटोवर मळकट डाग दिसतात का बघा, अंधारात कोपऱ्यांतून उजेड फुटतो का ते बघा. मग बाजूला सरकून तिरकं उभं राहा. तुम्ही लिहिलंय की आई दाराजवळच्या खुर्चीत बसतात, म्हणजे तिरक्याच. तिथून रंग पांढुरके पडत असतील तर तो व्हीए पॅनेलचा आहे. तुमच्या खोलीला आयपीएस पॅनेल बरं, काळा रंग थोडा राखाडी दिसला तरी चालेल. रॅम २ जीबीच्या खाली नको. तीन-चार वर्षांनी ॲप रखडू लागली तर ॲप चालवणारी ३ ते ५ हजारांची स्टिक टीव्हीला लावता येते, म्हणून 'सुपर प्रोसेसर'साठी आज पैसे देऊ नका.

दुकानातल्या पाटीवर खोडून दाखवलेल्या १,०९,९९० या किमतीकडे बघूच नका. ३२ इंचांवरच्या टीव्हींचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला, म्हणजे ८०,००० च्या टीव्हीवर सव्वासहा हजार उतरले. ती कपात आहे, दुकानाची सूट नव्हे. सूट वेगळी मागा.

आईंना संवाद नीट ऐकू येत नाहीत असं लिहिलंत. आधी आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस' किंवा 'डायलॉग' सुरू करून आठवडाभर बघा. नाही भागलं तर आठ-दहा हजारांचा साउंडबार दिवाळीला घ्या, आज नाही. टीव्हीवर 'ईएआरसी' लिहिलेलं एचडीएमआय भोक असेल तर तो एकाच वायरीने जोडता येईल.

आता ते २,५००. आपल्याकडे टीव्ही जातो तो बहुतेक दोन कारणांनी. एक, डीपीवरचा किंवा खांबावरचा न्यूट्रल तुटतो आणि घरात २३० ऐवजी ४०० च्या आसपास व्होल्ट येतात. पॉवर बोर्ड क्षणात जळतो. कमी व्होल्टेजला टीव्ही सहसा पुरून उरतो, तो १०० ते २४० वर चालतो, म्हणून मोठ्या स्टॅबिलायझरची गरज नाही. जास्त व्होल्टेज आलं की पुरवठा तोडणारा व्होल्टेज प्रोटेक्टर लावा. दोन, एप्रिल-मेच्या वळवात आणि परतीच्या पावसात पडणारी वीज. ती डिशच्या वायरीनेही आत येते. ढग गडगडायला लागले की प्लगसोबत डिशची वायरही काढायची. सर्ज प्रोटेक्टर घेतलात तरी अर्थिंग नसेल तर तो नुसता बोर्ड आहे. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

उजेड १०० वर ठेवून चालवलेल्या टीव्हीच्या मागच्या एलईडी पट्ट्या लवकर जातात. बॅकलाइट ६०–७० वर ठेवा. साध्या टीव्हीच्या पट्ट्या तालुक्याच्या कारागिराकडेही बदलून मिळतात. पॅनेल मात्र गेलं तर दुरुस्तीचा खर्च नव्या टीव्हीच्या जवळ जातो, म्हणून पॅनेलवर किती वर्षांची वॉरंटी आहे ते बिलावर लिहून घ्या, तोंडी नको.

डिलिव्हरी आली की खोकं उघडण्यापासून पहिल्यांदा चालू करेपर्यंतचा मोबाइलवर व्हिडिओ करा, मागच्या स्टिकरवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर बिलाशी जुळवा. कोपऱ्यात तडा दिसला तर त्याच दिवशी लेखी कळवा; टोलवाटोलवी झाली तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. भिंतीवर लावणाऱ्याला तुमची भिंत पोकळ विटांची आहे की काळ्या दगडाची, ते आधीच सांगा. दगडाला ड्रिलचा लांब बिट लागतो आणि तो आणायला माणूस परत लातूरला जातो.