४०० खुर्च्या, हजारभर माणसं

प्रश्न : काकी, नमस्कार. मे महिन्यात आमच्या मंडळाने मुंबईचं एक गाजलेलं नाटक ठरवलंय. हायस्कूलच्या सभागृहात ४०० खुर्च्या आहेत आणि आत्ताच हजारभर माणसं विचारून गेलीत. तिकीट ३०० रुपये ठेवलंय. खजिनदार म्हणतात, ८०० करा, गर्दी आपोआप ओसरेल. बाकीच्यांचं म्हणणं, सकाळी सहाला खिडकी उघडा, आधी येईल त्याला तिकीट. काय करावं?
– मंडळाचा कार्यवाह, वेंगुर्ला तालुका

उत्तर : आधी मला सांगा, त्या ४०० पैकी विकायला किती आहेत? मी तिकीटखिडकीत पुष्कळ वर्षं बसलेय. देणगीदारांच्या रांगा, कार्यकर्त्यांच्या घरची मंडळी, ओळखीपाळखीचे पास असं करत निम्मा प्लॅन, म्हणजे खुर्च्यांचा तक्ता, खिडकी उघडण्याआधीच भरलेला असतो. तिकिटं कमी आहेत म्हणून माणसं चिडत नाहीत. पहाटेपासून उभं राहून समोर पहिल्या पाच रांगांवर फुल्या दिसल्या की चिडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. पास किती, विक्रीला किती, हे फळ्यावर लिहा. नुसतं लिहायचं ठरवलंत तरी पास कमी होतील.

आता रांग. ती फुकट वाटते, पण तिची किंमत कोणीतरी मोजतंच. मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला जाणारी बाई सकाळी सहाला उभी राहिली तर तिचा रोज बुडतो. मासळीच्या लिलावाला जाणारी तर येऊच शकत नाही, आणि लांबच्या वाडीतला माणूस पहिल्या एसटीने पोचेपर्यंत तिकिटं संपलेली असतात. मग पुढे उभे कोण? सुट्टीवर आलेले चाकरमानी, आणि ज्यांच्या घरात उभं राहायला रिकामं माणूस आहे ते. त्यांचा राग नाही मला, पण मंडळाची वर्गणी सगळ्या वाड्यांतून येते ना?

सरसकट ८०० तर मुळीच नको. मंडळाला पैसा हवा असेल तर पुढच्या दोन रांगा हजाराच्या करा, त्यातून मागच्या रांगा २०० वर आणा. नाटकाचे दर रांगेप्रमाणे उतरतात, हे कोणाला नवीन नाही.

उरलेल्या खुर्च्यांसाठी सोडत काढा. विम्बल्डनची बरीचशी तिकिटं १९२४ पासून सोडतीनेच जातात. घरटी एक अर्ज, जास्तीत जास्त चार तिकिटं, अर्ज भरायला आठवडाभर मुदत, आणि चिठ्ठ्या देवळासमोर, सगळ्यांदेखत.

पण तिकिटावर नाव हवंच. कोल्डप्ले या ब्रिटिश बँडच्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांची तिकीटविक्री २२ सप्टेंबर २०२४ ला सुरू झाली. दर अडीच हजारांपासून ३५ हजारांपर्यंत, एकाला चारच तिकिटं, तरीही इतर संकेतस्थळांवर त्याच तिकिटांचे लाखांत पैसे मागितले जाऊ लागले. हातोहात फिरणारं तिकीट स्वस्त ठेवलं की मधला फायदा दलाल खातो. ज्याला जमणार नाही त्याने तिकीट मंडळाकडे परत द्यावं, पूर्ण पैसे घ्यावेत, आणि ते प्रतीक्षा यादीतल्या पुढच्याला जावं.

या सगळ्याआधी एक फोन मात्र आजच करा. त्या कोल्डप्लेवाल्यांनी मागणी पाहून १८ आणि १९ जानेवारीला जोडून २१ तारीख वाढवली होती. तुम्ही नाटकाच्या व्यवस्थापकांना त्याच दिवशी दुपारी चारचा दुसरा प्रयोग मागा. नेपथ्य लागलेलं असतं, गाडीभाडं आणि राहण्याचा खर्च एकदा झालेला असतो, त्यामुळे दुसऱ्या प्रयोगाचं मानधन कमी करून घेता येतं. ८०० खुर्च्या झाल्या की निम्मं भांडण तिथेच मिटेल.

आणि न उचललेली तिकिटं प्रयोगाआधी अर्धा तास प्रतीक्षा यादीला द्यायची, हे अर्जावरच छापा. आयत्या वेळी दारात वाद घालायला कार्यकर्त्यांना उभं करू नका.