प्रिमोझ : नाव कोठून आले, उच्चार कसा करावा?

प्रश्न : सायकल शर्यतींच्या बातम्यांत स्लोव्हेनियाच्या प्रिमोझ रॉग्लिच यांचे नाव वारंवार येते. ‘प्रिमोझ’ म्हणजे ‘पहिला’ असे वाचनात आले. मग तेथे हे नाव थोरल्या मुलालाच ठेवतात काय? त्याचा नेमका उच्चार कोणता?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : थोरलेपणाशी या नावाचा काही संबंध नाही. मूळ लॅटिन शब्द ‘प्रीमुस’ याचा अर्थ ‘पहिला’ असा आहे हे खरे; परंतु स्लोव्हेनियात हे नाव रुजले ते संत प्रीमुस यांच्यामुळे. रोमन सम्राटांच्या काळात फेलिशियन या आपल्या भावासह त्यांनी रोमजवळ हौतात्म्य पत्करले, अशी परंपरा आहे. दोघांचा स्मरणदिन 9 जून हा असून स्लोव्हेनियातील क्रान्य शहराजवळील यामनिकच्या टेकडीवरचे, छायाचित्रकारांचे लाडके चर्चही या दोघांच्याच नावाचे आहे. लोकांनी मात्र मुलांची नावे ठेवताना धाकट्या भावापेक्षा प्रीमुस यांनाच अधिक पसंती दिली.

लॅटिन नावांच्या शेवटचा ‘स’ स्लोव्हेनियन भाषेत बदलला आणि थॉमसचा तोमाझ, आंद्रेआसचा आंद्राझ झाला, त्याच वाटेने प्रीमुसचा प्रिमोझ झाला. प्रिमोझिच हे आडनावही यातूनच निघाले आहे.

या नावाला खरे वजन मिळवून दिले ते प्रिमोझ त्रुबार (1508–1586) यांनी. 1550 मध्ये त्यांनी स्लोव्हेनियन भाषेतील पहिली छापील पुस्तके, म्हणजे एक धर्मप्रश्नोत्तरी आणि एक अक्षरओळख, प्रसिद्ध केली. आज स्लोव्हेनियाच्या एक युरोच्या नाण्यावर त्यांचीच मुद्रा आहे. गंमत अशी की, संतपूजेला विरोध करणाऱ्या या प्रोटेस्टंट धर्मसुधारकाचे स्वतःचे नाव मात्र एका संताचे होते! पुढे स्की-जंपर प्रिमोझ पेतेर्का आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये हातोडाफेकीत सुवर्णपदक जिंकणारे प्रिमोझ कोझमुस यांनी हे नाव क्रीडाजगतात नेले.

उच्चाराबाबत मराठी वृत्तपत्रांचा गोंधळ क्षम्य आहे. पहिल्या अक्षरावर आघात येतो आणि शब्द एकटा उच्चारला की शेवटचा वर्ण घोष (कंठात कंप होऊन उमटणारा) न राहता ‘श’सारखा ऐकू येतो, म्हणजे साधारण ‘प्रीमोश’. विभक्तिप्रत्यय लागून ‘प्रिमोझा’ असे रूप झाले की तो मूळ घोष वर्ण पुन्हा स्पष्ट ऐकू येतो. म्हणून लिहिताना ‘प्रिमोझ’ ठेवणे सोयीचे; ‘प्रिमोज’ मात्र टाळावे.